डोर्नकलच्या चर्चला घुमट का आहेत?

भुसावळला रेल्वेत असलेल्या एका भाऊंनी विचारलं आहे. तेलंगणातल्या कोत्तागुडेमला लग्नाला जाताना डोर्नकल जंक्शनला गाडी बदलायची होती, हाताशी तीन तास होते म्हणून ते गावात फिरून आले. तिथे एक मोठी इमारत दिसली. वर घुमट, मनोऱ्यांसारखे बुरूज, खाली देवळात असतात तसे खांब, आणि या सगळ्यावर क्रूस. ही आधी मशीद किंवा देऊळ होती आणि पुढे तिचं चर्च झालं, असंच ना? आणि दुसरं म्हणजे, नवापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी मंडळीला नवं चर्च बांधायचं आहे. काहींना टोकदार कमानींचं, मुंबईत दिसतं तसं हवंय. डोर्नकलकडून काही घेता येईल का?

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. ती इमारत पहिल्या दगडापासून चर्च म्हणूनच उभी राहिली. काम १९१४ मध्ये सुरू झालं आणि ६ जानेवारी १९३९ ला तिचं समर्पण झालं. घुमट आणि खांब विचार करून, ठरवून घेतलेले आहेत. ज्यांनी ते ठरवलं ते बिशप स्वतः भारतीय होते, खेड्यात जन्मलेले होते.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी तीस वर्षं गेली. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत देवळं, दर्गे, गढ्या, वाडे असं सगळं हाताखालून गेलं. त्या अनुभवातून एक सवय लागली आहे. इमारत कुणाची हे ओळखायचं असेल तर आधी वर बघायचं नाही, जमिनीवर चालून बघायचं. छप्पर कोणाकडूनही उसनं घेता येतं, पण माणसं आत येऊन काय करणार आहेत ते जमिनीच्या आखणीत लिहिलेलं असतं. देवळात गाभारा लहान आणि अंधारा. माणूस एकेकटा पुढे जातो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो, निघतो. मशिदीत सगळ्यांनी एका ओळीत खांद्याला खांदा लावून पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करायचं असतं, म्हणून दालन आडवं, रुंद पसरतं. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत उभे राहिलात की हे लगेच कळतं. चर्चमध्ये मंडळी बराच वेळ एकत्र बसते, वाचन ऐकते, गाते, मग उठून एकामागून एक वेदीपाशी जाते. म्हणून दालन लांबट, आणि सगळ्यांची नजर एका टोकाला. डोर्नकलला आत गेलात तर चाल चर्चचीच आहे. फक्त अंगावरचे कपडे इथल्या मातीतले आहेत.

आता घुमट. घुमट म्हणजे मशीद, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की भल्याभल्यांची गल्लत होते. कॉन्स्टँटिनोपलचं हागिया सोफिया हे चर्च इसवी सन ५३७ मध्ये पूर्ण झालं. तेव्हा इस्लामचा उदय व्हायला काही दशकं अवकाश होता, आणि त्या चर्चवर त्या काळचा अतिशय नावाजलेला घुमट होता. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाचं मुख्य बांधकाम १५९० मध्ये संपलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीची तिथी बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतल्या संस्कृत शिलालेखात आहे. हो, संस्कृत. खानदेशच्या फारुकी सुलतानाने बांधलेल्या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख आहे, आणि त्याची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून होते. लेख कोरून घेणाऱ्याला आपल्या प्रजेशी तिच्या भाषेत बोलायचं होतं, असं मला तो पाहताना दर वेळी वाटतं. खानदेशच्या माणसाला डोर्नकल समजायला याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही. जे बुऱ्हाणपूरला अक्षरांत झालं, ते डोर्नकलला दगडात.

तांत्रिक बाजूही थोडी सांगतो, कारण तुम्ही खांब आणि घुमट एकत्र बघून बुचकळ्यात पडलात. आपल्या हेमाडपंती देवळात, म्हणजे बलसाण्याला किंवा पाटण्याला, सगळा भार सरळ खाली उतरतो. खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त म्हणजे बाहेर काढलेले दगडी आधार, त्यावर आडवा दगडी पाट. दगड दाबाला वाघ असतो, पण वाकायला लागला की तडकतो. त्यामुळे पाट फार लांब टाकता येत नाही आणि खांब जवळजवळ येतात. देवळाच्या मंडपात दाटी वाटते ती यामुळे. कमान आणि घुमट हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, कुणालाच वाकावं लागत नाही, म्हणून मधली जागा मोकळी सुटते. पण याची किंमत मोजावी लागते. कमान पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसासारखी सतत बाहेर रेटत असते. तो रेटा अडवायला जाड भिंत, बुरूज किंवा शेजारी दुसरी कमान लागते. घुमटाच्या चारी कोपऱ्यांना तुम्हाला जे जाड बुरूज दिसतात ते पुष्कळदा शोभेआधी या कामाचे असतात. म्हणजे खांबांची आणि घुमटाची बांधकामाची भाषा निरनिराळी, आणि दोन्ही एका इमारतीत नांदवायच्या तर कारागिराला दोन्ही यायला हव्यात. पंचवीस वर्षं लागली यात मला तरी नवल वाटत नाही. आमच्याकडचे एक वयस्कर गवंडी म्हणायचे, "चुनानं काम घाईमा व्हत नही, भो."

पण हे सगळं करायचं ठरवलं कुणी, हा खरा गाभा आहे.

वेदनायगम सॅम्युएल अजरया. जन्म १८७४, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली भागातलं वेल्लालनविलै हे खेडं. वडील तिथेच गावच्या चर्चचे धर्मगुरू. तरुणपणी अजरया वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सचिव म्हणून दक्षिणेत फिरले. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच्या पैशावर, स्वतःची माणसं पाठवणारी संस्था काढली, त्यात ते पुढे होते. तिचं काम सुरू झालं ते निजामाच्या राज्यातल्या डोर्नकल भागात. तिथली भाषा तेलुगू, अजरया तमिळ. ते १९०९ मध्ये स्वतः तिथे जाऊन राहिले, भाषा शिकले, बैलगाडीने गावोगाव हिंडले. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी खूप त्याग केलात, पण आम्हाला प्रेमही हवं आहे, आम्हाला मित्र द्या. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. तरी दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ ला, कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपद दिलं गेलं. ते पहिले भारतीय अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, बिशप, आणि १९४५ मध्ये वारेपर्यंत स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारे एकटेच भारतीय अँग्लिकन बिशप.

कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्च असं आपण समजतो. खरं तर बिशपचं आसन जिथे असतं ते कॅथीड्रल, मग ते केवढंही असो. अजरयांनी आपलं आसन हैदराबादेत किंवा वरंगळला न ठेवता डोर्नकलला ठेवलं. तेव्हा ते कोळशाच्या खाणींकडे जाणारा फाटा फुटतो म्हणून नकाशावर आलेलं एक खेडं होतं. खेड्यातलं कॅथीड्रल हीच त्या इमारतीतली पहिली वेगळी गोष्ट, घुमट नंतर.

आणि मंडळी कोण होती? बहुतेक माला आणि मादिगा समाजाची माणसं. शेतमजूर, चामड्याचं काम करणारे, गावकुसाबाहेर राहणारे. हे लक्षात घेतल्याशिवाय त्या खांबांकडे बघू नका. दक्षिणेच्या मोठ्या देवळांतले कोरीव खांबांचे मंडप या लोकांनी उभ्या जन्मात आतून पाहिले नसतील, कारण आत जायलाच बंदी होती. आपल्याकडे काय वेगळं होतं? नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. डोर्नकलचं काम तेव्हा चालूच होतं. ज्या खांबांच्या मंडपाबाहेर या लोकांना उभं केलं गेलं, तसाच खांबांचा मंडप त्यांच्या स्वतःच्या उपासनेच्या घराला मिळाला. अजरयांनी हे मनात धरून खांब उभारले की नाही हे मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण तिथे पहिल्यांदा आत शिरलेल्या मजुराला काय वाटलं असेल याचा विचार करतो तेव्हा ती इमारत नुसती 'मिश्र शैलीची' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

समर्पणाचा दिवसही बघा. ६ जानेवारी हा एपिफनीचा, प्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्ञानी पुरुष, बाळ येशूपुढे आपापल्या देशातल्या भेटी ठेवतात, त्याची आठवण. कॅथीड्रलला नावही याच सणाचं आहे. पूर्वेकडचे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत, आपलं काही घेऊन येतात. या नावाला घुमट आणि खांब जितके शोभतात तितका इंग्लंडमधून आणलेला टोकदार मनोरा शोभला नसता.

हे किती वेगळं होतं ते मेदककडे बघितलं की उमगतं. राज्य तेच निजामाचं, सुरुवातीचं वर्ष तेच १९१४. वेस्लियन मेथॉडिस्ट या इंग्लिश पंथाचे मिशनरी चार्ल्स वॉकर पॉसनेट यांनी दुष्काळाच्या दिवसांत लोकांना कामाच्या बदल्यात अन्न मिळावं म्हणून तिथे चर्च उभारायला घेतलं. २५ डिसेंबर १९२४ ला ते खुलं झालं. मनोरा १७५ फूट, शैली पक्की इंग्लिश गॉथिक, रंगीत काचांच्या खिडक्या. मेदक सुंदर आहे, आणि दुष्काळात हजारो पोटं त्या कामाने भरली, त्याचा मान त्याला द्यायलाच हवा. पण टोकदार कमानींची ही रीत जिथे जन्मली तिथे ऊन हवंहवंसं असतं, म्हणून मोठ्या खिडक्यांतून ते आत ओढायचं. आपल्याकडे आणि तेलंगणात प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात ऊन बाहेर ठेवायचं आणि वारा आत घ्यायचा. खांबांचे मोकळे मंडप, खोल सावली, प्रांगण ही त्या प्रश्नाची हजार वर्षं जुनी उत्तरं आहेत.

घुमट-मनोरे त्या काळी सरकारी इमारतींनाही चढत होते. हैदराबादच्या उच्च न्यायालयाची इमारत व्हिन्सेंट एश यांची, मुंबईचं गेटवे आणि आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जॉर्ज विटेट यांचं. तिथे राज्यकर्त्यांना इथल्या जुन्या सत्तांचे वारस दिसायचं होतं. डोर्नकलला तो हेतू नव्हता. हा फरक महत्त्वाचा, कारण पुस्तकांत दोन्हींना एकच लेबल लावलेलं असतं.

हा प्रयोग करणारे अजरया एकटेही नव्हते. पेशावरच्या जुन्या शहरातलं ऑल सेंट्स चर्च १८८३ मध्ये घुमट आणि मनोऱ्यांसह उभं राहिलं. लांबून पाहणारा त्याला मशीदच समजेल. तमिळनाडूत तिरुपत्तूरला १९२१ मध्ये ख्रिस्तुकुल आश्रम निघाला, त्याचं प्रार्थनामंदिर गोपुरासकट द्रविडी देवळाच्या वळणाचं आहे. केरळात तर ही फार जुनी रीत. तिथल्या सुरियानी, म्हणजे जुन्या पूर्वेकडच्या परंपरेच्या, चर्चांसमोर दगडी दीपस्तंभ आणि ध्वजस्तंभ असतात आणि छपरं तिथल्या देवळांसारखीच उतरती. त्यांना कुणी 'प्रयोग' म्हणत नाही, कारण ते बाहेरून आलेलं नव्हतंच.

मराठीत हेच काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शब्दांत केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. टाळ-चिपळ्यांसह ख्रिस्ताचं कीर्तन उभं केलं, आणि आजही मराठी चर्चमध्ये त्यांची पदं गातात. गाणं अभंगाच्या चालीचं चालतं, मग भिंतीच परदेशी का हव्यात, हा प्रश्न मी कित्येक मंडळींना विचारला आहे. बरेचदा उत्तर येतं, "सर, नाहीतर ते चर्च वाटणार नाही." अजरयांनाही हे ऐकावं लागलं असणार.

आता तुमच्या गावाकडे येतो. सगळ्यात आधी, डोर्नकलचे घुमट उचलून नवापूरला लावू नका. ते केलंत तर तुम्हीही मुंबईच्या कमानी आणणाऱ्यांसारखंच, फक्त दुसऱ्या गावाची नक्कल करणार. घ्यायची ती अजरयांची विचारायची पद्धत. इथली माणसं मोठ्या संख्येने एकत्र बसतात ती कुठे, कशी? इथला पाऊस कसा, ऊन कसं, हाताशी काय आहे, कुणाला काय बांधता येतं?

तुमच्या तालुक्यात पाऊस बाकीच्या खानदेशपेक्षा बराच जास्त. तिथे घुमट म्हणजे गळतीला आमंत्रण. घुमट जिथून उचलतो त्या सांध्यात पाणी साचतं आणि दर चार वर्षांनी परांची बांधावी लागते. उतरतं कौलारू छप्पर, खाली चारी बाजूंनी किमान आठ फूट पडवी, एवढं तुमच्या पावसाला पुरे. सणाला गर्दी वाढली की पडवीत माणसं बसतील, एरवी सावली भिंतीवर ऊन पडू देणार नाही. सागाचे खांब, कुडाच्या भिंती, कौलं हे तुमच्या आजोबांच्या घरांचं वळण आहे. खांब सिमेंट-काँक्रीटचे केलेत तरी मांडणी ती ठेवता येते. काळी माती असेल तर पाया मुरमापर्यंत न्या, पैसे वाचवायची ती जागा नव्हे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंत मधोमध चिरते.

पीओपीच्या टोकदार कमानींबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. जी कमान भार घेत नाही ती तिथे असू नये. छताला सळईने टांगलेली कमान ओल धरते, पाच-सात वर्षांत फुगते, आणि खाली लेकरं बसलेली असतात.

आवाजाचा विचार तर कुणीच करत नाही. सपाट स्लॅब, चकचकीत फरशी आणि चार कोऱ्या भिंती अशा दालनात उपदेशाचा शब्द शब्दावर आदळतो. मग मंडळी स्पीकर मोठा करते, आणि आणखी कळेनासं होतं. कौलांखाली लाकडी पट्ट्या, भिंतींना मोकळ्या जाळ्या, खाली सतरंज्या, एवढ्याने निम्मा त्रास जातो. तुमच्याकडे लोक खाली बसूनच गातात ना? मग बाकांचा खर्च करण्याआधी मंडळीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. भिंतीलगत त्यांच्यासाठी दोन रांगा पुरतील.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. नव्यासाठी जुनं कौलारू चर्च पाडणार आहात. ते चुन्यातलं असेल तर पाडण्याआधी मला दाखवा. 'डागडुजी' म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलेलं एक जुनं देऊळ मी पाहिलं आहे. चुना श्वास घेतो, सिमेंट घेऊ देत नाही. आतली ओल कोंडली आणि तीन पावसाळ्यांत दर्शनी भिंत पोटाला फुगून आली. दोष त्या देवळाचा नव्हता, पण 'जुनं कुजलं' म्हणून पाडलं गेलं ते देऊळच. तुमच्या चर्चच्या भिंतींवर तसा गिलावा असेल तर तो उतरवून, भिजवून मुरवलेल्या चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून पुन्हा गिलावा केला तर भिंती आणखी पन्नास वर्षं सहज उभ्या राहू शकतात. मग जुनं चर्च वेदीकडचा भाग म्हणून ठेवून पुढे नवा मंडप जोडता येईल. खर्चही कमी येईल.

तेव्हा असं करा. पाऊस लागण्याआधी एका रविवारी उपासना संपल्यावर चार तरुण घ्या, लांब टेप घ्या. आतली लांबी-रुंदी, खांबांमधलं अंतर, आढ्याची उंची, भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजून लिहा. गिलावा जिथे आपोआप सुटलाय तिथला मुठीएवढा तुकडा कागदात बांधून ठेवा. आढ्याच्या खालून वर बघून चारी कोपऱ्यांचे फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. एखाद्या तुळईवर कोरलेलं साल किंवा नाव सापडलं तर त्यावर रंग घासू नका, ओल्या फडक्यानेही पुसू नका, जसं आहे तसं फोटोत घ्या. पुढच्या महिन्यात माझं साक्रीला काम आहे. तिथून तुमचं गाव दूर नाही, मी येऊन बघतो.